बाबांची ८६ सालची मारुती व्हॅन: होती तशी करू की सुधारून घेऊ?

रंकाळ्यावरचा
९ नोव्हेंबर, रात्री १०:४२

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या घरी १९८६ ची मारुती व्हॅन आहे. 'ओम्नी' हे नाव १९८८ ला आलं, आमची त्याच्या आधीची. नंबरसुद्धा एमएच ०९ सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरी. बाबा लग्नाचे फोटो काढायचे, पुढे व्हिडिओ शूटिंगही करू लागले. कॅमेरे, हॅलोजन दिवे, स्टँड, वायरींची भेंडोळी आणि त्या सगळ्यावर बसलेले आम्ही दोघं भाऊ. निपाणीपासून कणकवलीपर्यंतची लग्नं या गाडीनं केलीत. २०२१ चं पासिंग बाबांनीच करून आणलं, पुढच्या वर्षी ते गेले. तेव्हापासून गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली.

परवा ताडपत्री काढली. उंदरांनी मागच्या सीटचा फोम खाल्लाय. चारही टायर बसलेत. डावीकडचं सरकतं दार निम्म्यात अडकतं, ते मात्र आधीपासूनच. आम्ही लहानपणी ते लाथ मारून उघडायचो. सीटमागच्या लाकडी खोक्यात बाबांच्या फिल्मच्या काळ्या डब्या सापडल्या, बावीस. आत स्क्रू, वॉशर, क्लिपा. प्रत्येक डबीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेननं 'वायपर', 'नंबर प्लेट', 'मागचं दार, जादा' असं लिहिलेलं. एका डबीवर नुसतंच 'कशाचा?'. आत एकच बोल्ट.

भाऊ म्हणतो भंगारात घाल. आई काहीच म्हणत नाही, पण काल शेडमध्ये जाऊन सीट पुसून आली.

तर प्रश्न असा, की कंपनीतून निघाली तशी करावी, की चांगले ब्रेक, चांगले दिवे, मागे झोपायची सोय वगैरे करून वापरायची गाडी करावी? आणि सुरुवात कुठून करू? मला स्वतःला टायर बदलण्यापलीकडे काही येत नाही.

टपरीवरचा_कटिंग
९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पांढरी असेल तर काळ्या काचा लावू नका. हिंदी सिनेमात हिरोच्या बहिणीला याच गाडीतून पळवतात. नाक्यावर उत्तरं देता देता दमाल.

मी_फक्त_वाचतो
९ नोव्हेंबर, रात्री ११:३१

फोटो?

उद्यमनगरचा_पोरगा
१० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

भावा, कोल्हापुरात राहून विचारतोस व्हय सुरुवात कुठनं करू! शिवाजी उद्यमनगरात ये. पार्ट मिळंना झाला तर लेथवर काढून देतो. जुना नमुना तेवढा आणायचा, तुटका असला तरी चालतोय. आमच्याकडं लोक ऊस रसाच्या चरकापासनं बुलेटपर्यंत सगळं घेऊन येत्यात. तुझी व्हॅन म्हणजे काय लई मोठी गोष्ट नव्हं.

भंगाराचं नाव काढू नको. भावाला जेवायला बोलीव आणि गप कर.

फिटरकाका_आकुर्डी
१० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

रंकाळ्यावरचा, सगळ्यात आधी एक कर. किल्ली फिरवू नकोस. तीन वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्यातच पिस्टनच्या रिंगा अडकतात.

पुढची सीट उचल, इंजिन समोरच दिसेल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, मारुती ८०० मध्ये होतं तेच. तिन्ही प्लग काढ. प्रत्येक भोकात चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लाव आणि हातानं हळू फिरव. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. अडलं तर जोर लावू नको, अजून तेल आणि अजून एक रात्र. इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढून टाक, फिल्टर बदल आणि मगच सेल्फला हात लाव.

टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढ, त्याचं आता वॉर्निश झालेलं असेल. टायमिंग बेल्ट बदल. 'फारसे किलोमीटर झालेले नाहीत' हे बेल्टला कळत नाही, तो वयानं मरतो.

मूळची की सुधारलेली, हा प्रश्न नंतर. आधी तिला थांबायला शिकव. व्हील सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडर, पाईप, ब्रेक ऑइल सगळं नवीन. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

त्या 'कशाचा?' बोल्टचा फोटो टाक. शेजारी पट्टी ठेवून.

वऱ्हाडी_ठेचा
१० नोव्हेंबर, दुपारी १:२२

सीटखाली इंजिन! राजेहो, मे महिन्यात नागपुरात मामाच्या ओम्नीत बसलो होतो. वरून ऊन, खालून इंजिन. उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी भाजलेलं वांगं झालो होतो, फक्त भरीत करायचं राहिलं होतं.

नियमावली
१० नोव्हेंबर, दुपारी ३:४०

भावनांच्या भरात कागद विसरू नका.

१९८६ च्या गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २००१ पर्यंत. मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२१ ला झालंय म्हणजे पुढचं २०२६. फॉर्म २५ मुदतीआधी ६० दिवसांत भरता येतो. चारचाकीची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टात २० वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. वडिलांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, ते आधी उरका. आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

'१५ वर्षं झाली, आता भंगारातच जाणार' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० हा हिशेब दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाचा. आपल्याकडे खाजगी गाडी तपासणीत पास झाली की चालते.

रंकाळ्यावरचा
१० नोव्हेंबर, रात्री ९:१८

काका, चमचाभर तेल सोडलंय. उद्या बघतो. बोल्टचा फोटो टाकलाय, पट्टीसकट.

नियमावली, धन्यवाद. मग ही 'क्लासिक' म्हणून वेगळी नोंदवता येईल का? तसा काही नियम आल्याचं वाचलं होतं.

नियमावली
१० नोव्हेंबर, रात्री १०:०२

तो २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. रोजच्या वापराला आणि धंद्याला चालत नाही. तुमची २०३६ साली पात्र होईल.

टपरीवरचा_कटिंग
१० नोव्हेंबर, रात्री १०:०६

तोवर धागा वर काढत राहू.

शर्वरी_प
११ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

थोडा विरोधी सूर लावते. मारुती व्हॅन 'क्लासिक' कधीपासून झाली? शाळेत सोडणारे काका, ॲम्ब्युलन्स, केटररचे टोप... आमच्या गल्लीत अजून दोन आहेत. उत्पादन बंद होऊन फार दिवस नाही झाले, २०१९ लाच तर बंद झाली. जुनी फियाट किंवा अँबेसिडर असती तर समजलं असतं. दीड-दोन लाख घालणार आणि शेवटी हातात टोप वाहायची गाडीच ना?

उद्यमनगरचा_पोरगा
११ नोव्हेंबर, सकाळी ११:५२

ताई, टोप वाहायचीच गाडी खरी. ज्या टोपातलं जेवून लोकांची लग्नं झाली त्यो टोप वाहिलाय तिनं.

फिटरकाका_आकुर्डी
११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

शर्वरीताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण 'अजून दोन आहेत' म्हणजे सगळ्या आहेत असं नाही. ८४ ते ८७ च्या किती उरल्यात बघा. कामाच्या गाड्यांचं हेच होतं. कुणी जपत नाही, हाडं मोडेपर्यंत वापरतात आणि एक दिवस कळतं, एकही शिल्लक नाही.

मॅटॅडोरचं असंच झालं. मी बजाज टेम्पोत बावीस वर्षं काढली, आकुर्डीला. १९५८ साली फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी जोडून घेऊन ही कंपनी सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सिएट, पुढे मॅटॅडोर, तीही मूळची जर्मनच, हानोमागवाल्यांची. इंजिन मर्सिडीजच्या परवान्याचं डिझेल. महाराष्ट्रात कुठल्याही छोट्या मालगाडीला लोक 'मॅटॅडोर' म्हणायचे आणि कुठल्याही तीनचाकीला 'टेम्पो'. कंपनीचं नाव २००५ ला फोर्स मोटर्स झालं, लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. आणि आज एक धड चालू मॅटॅडोर दाखवा म्हटलं तर मला दोन दिवस फिरावं लागेल. माझ्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यातूनच चाकणला गेलं होतं, एका गाडीत एकोणतीस माणसं आणि एक सनईवाला. सनईवाला टपावर.

मी_फक्त_वाचतो
११ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

सनई वाजवत होता का वर?

फिटरकाका_आकुर्डी
११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

भोसरीपर्यंत वाजवली. मग धूळ गेली.

दर्यावर्दी
११ नोव्हेंबर, रात्री ८:२५

वेंगुर्ल्याहून लिहितोय, म्हणजे गंजाचं माहेर. माझ्याकडे ९४ ची ओम्नी आहे, दोनदा पत्रा केला. रंगाचा विचार करण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून बघा. पुढच्या चाकांच्या कमानी, दाराखालची पेटी, सरकत्या दाराचा खालचा रूळ, पायाखालचा पत्रा आणि छताच्या कडेची पन्हळ. या पाच जागा. वरून गोरीगोमटी दिसते आणि रबरी मॅट उचलली की खालून रस्ता दिसतो.

डेंटरकडे जाताना खिशात लोहचुंबक न्या. पत्रा असेल तिथे चिकटतं, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथून घसरून पडतं. आणि डेंटर 'भरून घेऊ' म्हणाला तर 'कापून घ्या' म्हणा. गंजावर लांबी म्हणजे गळूवर पावडर.

पत्रा झाला की प्रायमर, खालून अंडरकोटिंग आणि पेट्यांच्या आत मेण. आमच्याकडे जुने लोक इंजिनाचं काळं ऑइल फवारायचे, तेही वाईट नाही.

फिटरकाका_आकुर्डी
११ नोव्हेंबर, रात्री ९:००

काळं ऑइल नको. गंज थांबतो, पण बुश आणि ब्रेकचे रबर फुगतात. शिवाय पुढं कुणाला वेल्डिंग करायचं झालं तर भडका उडतो.

दर्यावर्दी
११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

काका, वीस वर्षं फवारतोय, बुश दोनदाच बदलले. पण वेल्डिंगचं मान्य. एकदा भुवया गेल्यात.

सॅनहोजेचा_सदू
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

इथे कॅलिफोर्नियात माझ्याकडे फोक्सवॅगनची १९७४ ची टाइप टू बस आहे, आठ वर्षं झाली. त्यामुळे या विषयावर माझी बायको माझ्यापेक्षा जास्त बोलू शकेल.

मूळ की सुधारित यावर माझा अनुभव सांगतो. पहिली दोन वर्षं मी कट्टर होतो, स्क्रूसुद्धा त्याच काळातला हवा. परिणाम असा की गाडी सुंदर दिसायची आणि घरासमोर उभी असायची. मग हळूहळू अक्कल आली. जे बदल उलटे फिरवता येतात ते बिनधास्त करायचे आणि काढलेला मूळ भाग नाव लिहून खोक्यात ठेवायचा. इग्निशनचे जुने पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पॉइंटचा संच खोक्यात. पुढे तीनपट्टी सीटबेल्ट लावले. पत्रा मात्र कापला नाही, एक भोकही नाही पाडलं.

तुमच्या बाबांच्या डब्या वाचून हसू आलं आणि पोटात काहीतरी झालंही. माझं खोकं म्हणजे त्याच डब्या.

इथली एक सोय तुम्हाला नाही. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना इथे धुराची तपासणी माफ आहे. आणि ही बस ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती, त्यामुळे काचेच्या रबरापासून अख्ख्या दारापर्यंत सगळं नवीन मिळतं. गंज मात्र तुमच्यासारखाच.

टपरीवरचा_कटिंग
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

इलेक्ट्रिक करून टाका ना! ना पेट्रोल, ना कार्बोरेटर, ना भाजलेलं वांगं.

नियमावली
१२ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं मंजूर केलेलं किट त्याच मॉडेलसाठी हवं, मंजूर केंद्रातून बसवायला हवं आणि आरसीवर नोंद हवी. युट्यूब बघून मोटर बसवली तर विमाही गेला.

ओघात आलंय म्हणून बाकीचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. इंजिन वेगळं बसवायचं तर आधी परवानगी. रंग बदललात तर आरसीवर नोंद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावता येत नाही. छत उंच करणं, खिडक्या कापणं विसरा. मागे सुटी फळी आणि गादी टाकलीत तर ते सामान. सामानाला परवानगी लागत नाही.

मृणाल_के
१२ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

गंमत चाललीय त्यात मीठ टाकायचं नाहीये, पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. २००३ मध्ये आमच्या दादाची व्हॅन उभ्या ट्रॉलीला मागून धडकली. वेग फार नव्हता, चाळीस असेल. या गाडीत पुढे बंपर आणि बंपरमागे आपले गुडघे, मधे काहीच नाही. दादाचा उजवा गुडघा दोनदा उघडावा लागला. आजही तो मांडी घालून जेवायला बसत नाही.

गाडी ठेवू नका असं नाही म्हणत. पण घाटात, रात्री, हायवेवर ट्रकच्या मधे नेणार असाल तर सदूभाऊंनी सांगितलेले बेल्ट आधी आणि झोपायची फळी नंतर. नवीन सुरक्षा नियमांत बसेना म्हणूनच ती २०१९ ला बंद झाली ना.

रंकाळ्यावरचा
१२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मृणालताई, बरं झालं लिहिलंत. फळीचं स्केच काढून ठेवलं होतं, ते बाजूला ठेवलं.

बातमी: पुली फिरली. दुसऱ्या रात्रीनंतर, करकर न करता. आई शेजारी बॅटरी धरून उभी होती. म्हणाली, "एवढंच? हे तर तुझे बाबा पण करायचे."

फिटरकाका_आकुर्डी
१२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

शाब्बास. आईंना नमस्कार सांग.

बोल्टचा फोटो बघितला. डोकं चपटं आहे, नेहमीच्या बोल्टपेक्षा निम्मं. असं डोकं तिथंच देतात जिथं वरून काहीतरी घासून जातं. आत्ता आठवत नाही. आठवलं की सांगतो.

(यानंतर बराच काळ धागा शांत)

मी_फक्त_वाचतो
१४ जानेवारी, सकाळी १०:००

तिळगूळ घ्या. व्हॅनचं काय झालं?

रंकाळ्यावरचा
१८ जानेवारी, रात्री ११:२०

माफ करा मंडळी, हातांना काळं लागलेलं असायचं, फोन धरायचा कधी?

पत्र्याची गोष्ट आधी. दर्यावर्दी, तुमचं ऐकून फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून नेलं. उजव्या चाकाच्या कमानीवर गणपती बसले. डाव्या कमानीवर ठेवले तसे घसरत घसरत माझ्या बुटावर आले. डेंटरनं छिन्नी लावली तर लांबीचा थर बोटाच्या पेराएवढा निघाला आणि आत भर म्हणून कोंबलेलं वर्तमानपत्र. कागद पिवळा, पण शब्दकोड्याचे चौकोन अजून दिसत होते. कधी आणि कुणी भरलं देव जाणे. बाबांनी त्या कामाचे पैसे मात्र पत्र्याचेच मोजले असणार.

ज्या गॅरेजला आधी दिली होती (नाव घेत नाही) तिथे पाच आठवडे गाडी पावसात... म्हणजे अवकाळीत उघडी उभी होती आणि ॲडव्हान्स घेऊन रोज 'उद्या'. शेवटी उद्यमनगरच्या पोरग्यानं स्वतःच्या दारात आणली. हा माणूस इथे भांडतो तसाच तिथेही भांडतो, पण काम करतो.

दोन्ही कमानी, दाराखालच्या पेट्या आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून नवीन घातला. टाकीत मूठभर नट आणि पेट्रोल घालून हलवलं, गंजाचं लाल पाणी निघालं.

दर्यावर्दी
१९ जानेवारी, सकाळी ८:०५

शब्दकोडं! माझ्या गाडीत गोणपाट निघालं होतं.

टाकीला झाळ मारायची असेल तर रिकामी टाकी म्हणजे बॉम्ब, हे लक्षात ठेवा. वासाचाच भडका होतो. पाण्यानं भरून घेतल्याशिवाय ज्योत जवळ न्यायची नाही. भुवयांचा विषय आहे हा.

फिटरकाका_आकुर्डी
१९ जानेवारी, सकाळी ९:३०

आणि पेट्रोलचे रबरी पाईप सगळे बदललेस ना? आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्या काळचा रबर त्याला ओळखत नाही, आधी चिकट होतो, मग सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. आणि इंजिन सीटखाली आहे, गळलं तर कुठं गळेल याचा विचार कर. इंजेक्शनच्या गाडीचा चांगला पाईप मीटरवर मिळतो, तो घाल. आणि महिनोन्महिने उभी ठेवणार असलास तर टाकी अर्धी ठेवू नको. इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाला बसतं.

रंकाळ्यावरचा
१९ जानेवारी, रात्री १०:१२

बदलले काका, क्लिपांसकट.

शर्वरी_प
२० जानेवारी, दुपारी १२:१५

मी विरोधी पक्षात होते, पण शब्दकोड्यापासून रोज येऊन बघतेय. खर्च किती झाला ते लिहा ना. इथे सगळे स्वप्नं विकतात, आकडा कुणी सांगत नाही.

रंकाळ्यावरचा
२० जानेवारी, रात्री ९:४०

आजपर्यंत: पत्रा आणि वेल्डिंग ३४,०००. रंग ३८,००० (मूळचाच पांढरा, म्हणजे आरसीची कटकट नाही). ब्रेक सगळे १३,५००. पाच टायर (१४५ आर १२), टायमिंग बेल्ट, कार्बोरेटर, सेल्फ आणि वायरिंग मिळून ४१,०००. सीटचं काम आईनं ओळखीच्या गादीवाल्याकडून करून घेतलं, मला आकडा सांगत नाही. पहिल्या गॅरेजचा बुडालेला ॲडव्हान्स ८,०००.

भावाला फक्त टायरचा आकडा सांगितलाय.

दिव्यांचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी झालं. जुन्या वायरिंगमध्ये दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, म्हणून उजेड पणतीसारखा. दोन रिले टाकून बॅटरीतून थेट फ्यूजमार्गे जाड वायर नेली. बल्ब तेच ठेवले, तरी समोरच्या घराची खिडकी उजळली. शेजारचे काका बाहेर आले बघायला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पॉइंट आणि कंडेन्सर तेविसाव्या डबीत. डबी नवी मिळेना, मग होमिओपॅथीची बाटली घेतली.

सॅनहोजेचा_सदू
२१ जानेवारी, सकाळी ७:०३

तेविसाव्या डबीसाठी सलाम. बेल्ट?

रंकाळ्यावरचा
२१ जानेवारी, सकाळी ७:३०

पुढे दोन तीनपट्टी बेल्ट, मूळच्या नटांच्या जागीच. मृणालताईंना सांगा.

मृणाल_के
२१ जानेवारी, सकाळी ८:४४

वाचलं. दादालाही वाचून दाखवलं. त्याला विचारायचंय, चौथ्या गिअरला अजून तसाच घुंग आवाज येतो का?

फिटरकाका_आकुर्डी
२ फेब्रुवारी, पहाटे ५:३५

रंकाळ्यावरचा! आठवलं. झोपेत आठवलं.

सरकत्या दाराचा खालचा रोलर ज्या पट्टीवर असतो ती पट्टी दाराला दोन बोल्टनी बसते. डोकं चपटं असतं कारण दार मागं जाताना ते रुळाच्या कडेखालून सरकतं. कधीतरी कुणीतरी दार उतरवलं असेल आणि परत बसवताना एकाच्या जागी साधा बोल्ट मारला असेल. त्याचं डोकं जाड, ते कडेला अडतं. बरोबर निम्म्यात.

आत्ता जाऊन बघ.

रंकाळ्यावरचा
२ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

काका, बॅटरी घेऊन शेडमध्ये आहे. दोनातला एक बोल्ट खरंच वेगळा आहे. साधा, षटकोनी डोक्याचा, डोक्याची एक बाजू घासून चकचकीत झालीय.

रंकाळ्यावरचा
२ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

एका बोटानं उघडतंय.

आईला उठवलं. तिनं चार वेळा उघडबंद केलं. एकोणचाळीस वर्षांची गाडी, त्यातली निदान तीस वर्षं आम्ही त्या दाराला लाथा घातल्या आणि बोल्ट सीटमागे डबीत होता.

उद्यमनगरचा_पोरगा
२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

नाद खुळा काका!! आणि मी त्या दारासाठी पितळी बुश कातून ठेवलेला की ओ. त्याचं आता काय करू?

वऱ्हाडी_ठेचा
२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

गळ्यात घाला, देवाचा ताईत म्हणून.

नियमावली
२ फेब्रुवारी, सकाळी ११:००

अभिनंदन. फॉर्म ३१ झाला का?

रंकाळ्यावरचा
१० मे, रात्री ९:५०

फॉर्म ३१ झाला, गाडी आईच्या नावावर केली. परवा नूतनीकरणाची तपासणीही झाली. इन्स्पेक्टर साहेबांनी चासी नंबर शोधायला वाकून बघितलं, मग उगाचच एकदा दार सरकवून बघितलं. पास.

मूळ प्रश्नाचं उत्तर ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: दिसायला होती तशी आहे. आतून ब्रेक, दिवे, इग्निशन आणि बेल्ट नवे. फळी नाही केली. मागे आई बसते.

काल राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवलीला जाऊन आलो. जाताना आईनं रस्त्यात तीन ठिकाणी 'इथे पंक्चर झालं होतं' म्हणून दाखवलं. येताना चढावर दोनदा थांबून इंजिन निववलं, घाई नव्हतीच. मृणालताई, दादांना सांगा, घुंग आवाज येतो. तिसऱ्यालाही येतो.

एकच आहे. सगळी गाडी जोडून झाल्यावर एक नट उरलाय. पोरग्याला विचारलं, तो म्हणतो माझा नव्हं. त्याच डबीत टाकलाय. लेबल बदलावं लागलं नाही.

फिटरकाका_आकुर्डी
१० मे, रात्री १०:०४

फोटो टाक. शेजारी पट्टी ठेवून.